मैलमास्तर आणि दुसरी सीट

"तुमचं बिल मी भरलं तर चालेल का?"

धाकटीने आधी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि मगच मान वळवून पाहिलं. बेकरीचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात तिच्या मागे एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता. केस पावसाने भिजलेले, हातात काचेचं एक साधं मापाचं भांडं. चेहरा मात्र असा गंभीर, की जणू त्याने किती वाजले एवढंच विचारलं होतं.

"काय म्हणालात?"

"तुम्ही हे पीठ मळायचं मशीन रोखीने घेताय ना? पिशवीवरून वाटलं. ते मी माझ्या कार्डावर भरतो... आणि तुम्ही ती रोख मला द्या. म्हणजे, चालणार असेल तर."

ठग! धाकटीच्या मनाने लगेच निकाल दिला. दिवसाढवळ्या, भर दुकानात, आणि वर तोंड करून.

तिचा स्वभावच तसा. बेकरी दोघी बहिणींची. ताई गल्ल्यावर बसायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायची, उधारही द्यायची. खरेदी सगळी धाकटीकडे. पिठाचं पोतं आलं की ती तळापर्यंत हात घालून पाहायची, लोण्याचा प्रत्येक खोका उघडायची, वजनकाट्यावर आधी स्वतःजवळचं माप ठेवून काटा तपासायची. एकदा एका यीस्टवाल्याने त्यांना फ्रीज फुकट दिला होता. त्या फुकटच्या फ्रीजपायी पुढे दोन वर्षं त्याचंच महागडं यीस्ट घ्यावं लागलं. मग एक गृहस्थ लग्नाचं विचारायला आले. "मला फक्त मुलगी हवी, बाकी काही नको," म्हणाले आणि तिसऱ्या भेटीत बेकरीची दुसरी शाखा त्यांच्या नावाने काढायची भाषा करू लागले. तेव्हापासून 'फुकट' हा शब्द कानावर पडला की धाकटीच्या कपाळावर आठी चढायची. ताई तिला 'चौकशीखिडकी' म्हणायची.

"आणि यात तुमचा काय फायदा?" चौकशीखिडकी उघडली.

"मला पॉइंट मिळतात."

"आणि माझा?"

तो जरासा विचारात पडला. "तुमची पिशवी हलकी होते."

ती हसली नाही. हसू आलं होतं, पण ते तिने आतल्या आत परतवलं.

"ओळखपत्र दाखवा."

त्याने मुकाट्याने काढून दिलं. शाळेतला शिक्षक. विषय भूगोल. फोटोतही केस ओलेच दिसत होते.

"आणि हे भांडं कशाला?"

"पाऊस मोजायला. मुलांना गच्चीवर ठेवायला सांगतो. शाळेचं फुटलं."

मग धाकटीने आपला नियम सांगितला. आधी कार्ड, मग रोख. कार्डाच्या मशीनवर रक्कम तिने स्वतः वाचली, पावतीवरचं बेकरीचं नाव आणि पत्ता मोठ्याने दोन वेळा वाचला, दुकानदाराला दोनदा विचारलं, "पैसे पोचले का?" मग एकेक नोट त्याच्या तळहातावर मोजून ठेवली. शेवटची नोट ठेवताना बोटाला बोट लागलं. त्याने नोटांकडे न बघता तिच्याकडे पाहिलं आणि तिने चटकन पिशवीची चेन ओढली.

"थँक्यू," तो म्हणाला. "तुम्ही मला आज विमानाकडे बरंच पुढे ढकललंत."

ती दुकानातून बाहेर पडली ती मागे वळून बघतच. कोणी पाठलाग तर करत नाही ना!

चार दिवसांनी तो बेकरीत हजर.

"पत्ता कुठून मिळाला?" धाकटीने ट्रे हातात तसाच धरून विचारलं.

"पावतीवर होता. तुम्हीच मोठ्याने वाचलात... दोनदा."

गल्ल्यावरून ताई खुदकन हसली. त्याने एक पाव घेतला, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग कानामागे खाजवत म्हणाला, "अजून काही बिलं असतात का तुमची?"

आता आलं पोटातलं ओठावर! पण ताईने तोवर स्टूल पुढे सरकवलं होतं आणि त्याच्याकडून सगळी हकीकत काढूनही घेतली होती. गोष्ट अशी होती. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळतात, ते विमान कंपनीच्या खात्यात वळवले की त्यांचे मैल होतात, आणि मैल पुरेसे साठले की तिकीट. पगार शिक्षकाचा, खर्च करून करून किती करणार? म्हणून तो इतरांची बिलं आपल्या कार्डावर भरायचा आणि रोख घेऊन तीच बँकेत टाकायचा. शेजाऱ्यांचे टीव्ही, सहकाऱ्यांचे चष्मे, मुख्याध्यापकांच्या दाराचे पडदे. शाळेत त्याला सगळे 'मैलमास्तर' म्हणायचे.

"आणि जायचंय कुठे एवढं?" ताईने विचारलं.

त्याचा चेहरा एकदम बदलला. "उत्तरेला. अगदी वर. जिथं उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री खाली येतो, समुद्राला टेकतोय असं वाटतं... आणि परत वर. मी दरवर्षी शिकवतो हे, फळ्यावर आकृती काढून. एकदा एका मुलीनं विचारलं, 'सर, तुम्ही पाहिलंय?' मी नाही म्हणालो. त्यानंतर मला ती आकृती काढवेना."

धाकटी ट्रे पुसत होती. एकच ट्रे जरा जास्तच वेळ पुसला गेला.

तर मग बिलं सुरू झाली. पिठाचं बिल, लोण्याचं बिल, पुठ्ठ्याच्या खोक्यांचं, विजेचं. दर शुक्रवारी शाळा सुटली की मास्तर यायचे. आधी कार्ड, मग रोख. हिशेब चोख, एका नाण्याचाही घोळ नाही. धाकटीला तेच खटकायचं. इतका चोख माणूस म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असणारच.

पण शुक्रवार आला की ती पिठाचा एप्रन बदलायची, हेही खरं.

"मैल किती झाले तुमचे?" एकदा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि मास्तर छत्री असूनही भिजले होते.

"एका सीटचे केव्हाच झाले. मागच्याच वर्षी."

"मग गेला का नाहीत?"

मास्तर छत्रीची दांडी फिरवत राहिले. "दुसऱ्या सीटचे जमवतोय."

"कुणासाठी?"

"ते... अजून विचारलं नाहीये."

धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. कोणाला विचारलं नाहीये? एखादी विज्ञानाची बाई असेल, नाहीतर संगीताची. शाळेत काय, बाया कमी असतात? आणि त्या बाईच्या सीटसाठी लोणी कुणाचं जळतंय? आमचं! त्या दिवशी तिने मास्तरांना पाव बांधून दिला तो कालचा.

"मी एक शंका काढू?" त्या संध्याकाळी भट्टी विझवताना ती ताईला म्हणाली.

"तू न विचारता काढतेसच की."

"तो माणूस माझ्यासाठी येतो की माझ्या बिलांसाठी?"

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ताईने हातातला झाडू बाजूला ठेवला. तिला चेष्टा करायची होती, पण धाकटीचे डोळे पाहून तिने केली नाही. पोरगी अडकली होती. आणि घाबरली होती.

"विचार ना त्यालाच," ताई हळूच म्हणाली.

"विचारलं तर 'तुझ्यासाठी' असंच म्हणणार. खोटं बोलणाराही तेच म्हणतो, खरं बोलणाराही तेच. मला दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं कळायला हवं."

रीत तिने शोधून काढली. पोत्यात तळापर्यंत हात घालायची सवय होती तिला. पुढच्याच आठवड्यात तिने बेकरीच्या नावाने स्वतःचं कार्ड घेतलं, आणि गल्ल्यावर कार्डाने पैसे घ्यायचं मशीनही बसवलं. शुक्रवारी मास्तर आले तसं तिने ते कार्ड त्यांच्या नाकासमोर धरलं.

"आता आमची बिलं आम्हीच भरणार. तेव्हा... तुम्ही यायचे कष्ट घेऊ नका."

मास्तरांनी कार्ड पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "हं," म्हणाले, आणि निघून गेले.

संपलं. धाकटी त्या रात्री जेवली नाही. तिचं बरोबर ठरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचा राग आला.

पुढच्या शुक्रवारी दाराची घंटी वाजली. मास्तर. हात खडूने पांढरे.

"एक पाव."

"बिलं नाहीत," ती मान खाली घालूनच म्हणाली.

"माहीत आहे. पाव आहे ना?"

तिने पाव बांधला. सवयीने नवीन मशीन त्यांच्यापुढे सरकवलं. टॅप करतील, तेवढेच पॉइंट. पण मास्तरांनी खिशात हात घातला आणि चक्क रोख काढली. ज्या माणसाने शेजाऱ्याच्या बाळाच्या लंगोटांचं बिलही कार्डावर भरलं होतं, त्याने पावाचे सुटे पैसे काउंटरवर ठेवले.

"कार्ड विसरलात?"

"नाही." त्यांनी पाव उचलला. "आज पॉइंट नकोत."

आणि ते इतके हसले की कान लाल झाले. धाकटीने सुटे पैसे गल्ल्यात टाकले नाहीत. एप्रनच्या खिशात ठेवले, आणि संध्याकाळभर ते चालताना खुळखुळत राहिले.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्यानंतर तो फोन आला.

धाकटी तेव्हा नव्या मशीनमध्ये पीठ घालत होती. कोपरापर्यंत हात पांढरे, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये.

"नमस्कार मॅडम, विमान कंपनीच्या सदस्य विभागातून बोलतेय. आपल्या मिस्टरांनी पॉइंटवर दोन सीट धरल्यात, त्या संदर्भात..."

"माझ्या कुणी?"

"मिस्टरांनी, मॅडम." पलीकडच्या मुलीने नाव सांगितलं. ते मास्तरांचं होतं. "आपण त्यांच्या पत्नी ना? आपल्या पासपोर्टची मुदत आमच्याकडे नोंदलेली नाही. मिस्टर फोन उचलत नाहीयेत. आज संध्याकाळपर्यंत मुदत कळली नाही तर दोन्ही सीट सुटतील."

मशीन घरघरत होतं. धाकटीने ते बंद केलं.

"माझी जन्मतारीख आहे का तुमच्याकडे?"

मुलीने ती बरोबर सांगितली. पासपोर्टवरचं स्पेलिंगही सांगितलं, ज्यात एक अक्षर जादा पडलं होतं आणि जे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.

"मिस्टरांना विचारून सांगते," धाकटी दात आवळून म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मग ती गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. ताईने तिचा चेहरा पाहिला आणि हातातला पाव परत ट्रेमध्ये ठेवला.

"माझा पासपोर्ट मास्तरांना कुणी दाखवला?"

"अगं, दाखवला नाही, नुसतं वाचून सांगितलं... तुझी तारीख विचारत होता. मला वाटलं, वाढदिवसाला काहीतरी देणार असेल!"

"दिलं ना! नवरा दिला!"

तिने एप्रन काढून भिरकावला आणि ती निघाली. रस्ताभर डोक्यात नुसता कल्लोळ. माझ्या नावावर सीट घेऊन विकणार असेल. लोक विकतात, तिने ऐकलं होतं. नाहीतर माझं नाव पुढे करून दुसरीलाच घेऊन जाणार असेल. आणि ते सुटे पैसे? तो पाव? ते लाल झालेले कान? सगळी साखरपेरणीच का? तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून ती आणखी भरभर चालत होती.

शाळेच्या लांब व्हरांड्यात तिला लांबूनच आवाज ऐकू आला. वर्गाचे पडदे ओढलेले. मास्तरांनी एका हातात पृथ्वीचा गोल तिरका धरला होता आणि एक मुलगी त्यावर विजेरीचा प्रकाश पाडत होती.

"आता फिरवतो. बघा, वरचं टोक अंधारात जातंय का? नाही ना? तिथं रात्र होतच नाही." मुलं कुजबुजली. मागून कोणीतरी ओरडलं, "सर, तुम्ही पाहिलंय?"

"यंदा बघणार आहे," मास्तर म्हणाले. "बहुतेक."

त्या 'बहुतेक'मध्ये इतका आनंद होता की दाराशी उभ्या धाकटीचा अर्धा राग तिथेच विरला. उरलेला अर्धा तिने घट्ट धरून ठेवला. घंटा झाली, मुलं बाहेर धावली, आणि मास्तरांना दारात ती दिसली. कोपरापर्यंत पीठ लागलेली.

"तुमच्या मिसेसना फोन आला होता," ती म्हणाली.

मास्तरांच्या हातातला गोल टेबलावर आपटला.

"ऐका... मी सांगतो."

"सांगाच."

"ती कंपनी पुढच्या महिन्यापासून दर वाढवतेय. मग माझे मैल दोन सीटना पुरणार नाहीत. आणि पॉइंटवर प्रत्येक विमानात थोड्याच सीट देतात. एक दिसते तर दुसरी दिसत नाही. मी कित्येक महिने रोज बघत होतो. मग एका पहाटे सुट्टीतल्या तारखेला दोन दिसल्या, शेजारी शेजारी. आम्हा मैल जमवणाऱ्यांची सवयच ती... आधी सीट धरायची, मग विचार करायचा. सोडायला पैसे पडत नाहीत."

"आणि पत्नी?"

"सीट फक्त घरच्या माणसासाठी घेता येते. नातं निवडावं लागतं. आई, वडील, भाऊ, बहीण, मूल, नाहीतर..." त्यांनी आपटलेला गोल सरळ केला. "मी सगळी नाती वाचून पाहिली. तुम्हाला बहीण म्हणणं माझ्या जिवावर आलं."

धाकटीला हसू फुटणार होतं. तिने ओठ चावला.

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

"तर नाही!" तिचा आवाज चढला. "मला नाही म्हणता आलं असतं, मास्तर. ते तुम्ही माझ्या हातून काढून घेतलंत. मी काय विमानातली सीट आहे, आधी धरून ठेवायला? माझी तारीख मला न विचारता, माझं नाव मला न विचारता... मी पिठाचं पोतंसुद्धा न बघता घरात घेत नाही. आणि तुम्ही मला न विचारता नवरा झालात!"

वर्गात खडूची धूळ तरंगत होती. मास्तरांनी बाजू मांडली नाही, दर पुन्हा समजावले नाहीत. त्यांनी फोन काढला, तो स्पीकरवर टाकला आणि टेबलावर दोघांच्या मधे ठेवला.

"नमस्कार. माझ्या दोन सीटपैकी दुसरी सोडायची आहे."

"सर, ही सोडली तर पुन्हा पॉइंटवर मिळेल याची खात्री नाही. सध्या त्या तारखेला एकही शिल्लक नाही."

"माहीत आहे. सोडा."

"नक्की, सर?"

मास्तरांनी धाकटीकडे पाहिलं नाही. गोलावर पडलेल्या पोच्यावर अंगठा फिरवत होते. "नक्की. आणि घरच्यांच्या यादीतून त्यांचं नावही काढा."

"नाव काढता येणार नाही, सर. एकदा घातलेलं नाव वर्षभर तसंच राहतं."

मास्तर कपाळापर्यंत लाल झाले. फोन ठेवून म्हणाले, "माफ करा. त्या कंपनीपुरत्या तुम्ही वर्षभर... माझा इलाज नाही. आणि मी चुकलो. सीट धरता धरता माणसाला विचारायचं असतं हेच विसरलो."

धाकटी नुसती बघत राहिली. मुख्याध्यापकांचे पडदे, शेजाऱ्यांचे टीव्ही, बेकरीचं लोणी, भर पावसातले ते शुक्रवार, सगळं ज्या सीटसाठी, ती या माणसाने एका वाक्यात सोडून दिली. बदल्यात काही मागितलं नाही. पोत्यात तळापर्यंत हात गेला होता, आणि तळाशीही चांगलंच पीठ होतं.

"आता विचारा," ती म्हणाली.

"आता सीटच नाहीये. काय विचारू?"

"सीट सोडून जे विचारायचं होतं ते."

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. भूगोलाचा एवढा बोलका माणूस, पण एक शब्द धड निघेना. "मला... तुम्ही... म्हणजे मला तुम्ही फार आवडता. त्या दुकानात तुम्ही माझं ओळखपत्र मागितलंत ना, तेव्हापासून. आजवर माझ्याकडे इतक्या नीट कुणी बघितलंच नव्हतं." थोडं थांबून ते म्हणाले, "बिलं नुसतं निमित्त होतं. तुमच्या बिलांवर मिळालेले मैल मी मोजलेसुद्धा नाहीत."

"खोटं. मोजलेत."

"...मोजलेत. पण नंतर."

आता मात्र ती हसली. मग लगेच गंभीर झाली. "विचार करून सांगते. आणि खबरदार, तुमची सीट सोडलीत तर! मुलांना 'बघणार' म्हणालात. माझा पासपोर्ट नको, तुमची तेवढी सीट पक्की करा."

ती वळली. दारातून पुन्हा मागे आली. "आणि 'बहुतेक' काढून टाका त्यातलं."

चार-पाच दिवसांनी तिकिटं विकणाऱ्या एका छोट्या ऑफिसात मास्तरांना बोलावणं आलं. बोलावणं धाकटीचं, कारण सांगितलेलं नाही. ते पोचले तेव्हा ती काउंटरपुढच्या खुर्चीत ताठ बसली होती. मांडीवर तीच पिशवी, दुकानातली, चेन ओढलेली. ताई मागच्या बाकावर उगाचच जाहिरातीचं पुस्तक चाळत होती, उलटं धरून.

"बसा," धाकटी म्हणाली. "त्याच विमानात, त्याच तारखेला एक सीट आहे. तुमच्या शेजारची नाही, दोन रांगा मागे. पॉइंटवरची नाही, पैशांची. मी विचारून घेतलं, दोनदा."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. "पण ती तर केवढ्याला...!"

"माझे स्वतःचे साठवलेले आहेत. मला फुकटचं काही पचत नाही, माहीत आहे ना? तुमच्या पॉइंटवर आले असते तर जन्मभर शंका आली असती, मी याच्यासाठी आले की तिकिटासाठी. आता नाही येणार. पूर्ण पैसे मोजून येतेय मी." तिने पिशवीची चेन उघडली. "तर मास्तर... माझं बिल तुम्ही तुमच्या कार्डावर भरलंत तर चालेल का?"

काउंटरवरचा माणूस दोघांकडे आळीपाळीने बघत होता. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि ते कार्ड काढायला खिसे चाचपत होते, सगळे चुकीचे.

तेवढ्यात धाकटीने नोटांची जाड पुडकी पिशवीतून काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. कार्ड अजून खिशातच होतं.

"अहो," मास्तर गोंधळले. "आधी कार्ड, मग रोख... तुमचाच नियम."

"नियम माझा आहे. मी मोडीन."

मागच्या बाकावर ताईने पुस्तक तोंडासमोर धरलं आणि नाक पुसलं.

मास्तरांना पुडकी कुठे ठेवावी कळेना. ती छातीशी धरून ते हळूच म्हणाले, "कंपनीच्या यादीत मात्र अजून तुम्ही... वर्षभर. मी पुन्हा विचारून पाहिलं. काढता येत नाही म्हणाले."

"कशाला विचारलंत?" धाकटीने त्यांच्याकडे थेट पाहिलं. कपाळावर आठी नव्हती. "त्यांना खोटं सांगितलंत ना? मग उन्हाळ्याला अजून चार महिने आहेत. तोवर ते खरं करून टाकू."

मास्तरांनी नुसती मान हलवली, खूप वेळा, आणि नोटांची पुडकी तशीच न बघता कोटाच्या खिशात कोंबली.

धाकटीने पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"मोजून घ्या, मास्तर," ती म्हणाली. "एवढा विश्वास बरा नव्हे."